नाक्यावरचा माणूस अंदाजपत्रकात कसा आणायचा : ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

घरकाम करणाऱ्या ताया, नाक्यावर उभे राहणारे बिगारी आणि गवंडी, भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या मावश्या, कचरा वेचणाऱ्या बायका, डिलिव्हरीची मुलं. यांच्या हक्कांसाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटून दरवर्षी बरीच तरुण मंडळी कामाला लागतात. कोणी समाजकार्याचं शिक्षण घेतलेलं असतं, कोणाची आईच चार घरची कामं करत असते. कुठून सुरुवात करायची हे सांगणारं मात्र कोणी भेटत नाही. मग मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, पेपरात फोटो येतो आणि पुढच्या उन्हाळ्यात नाक्यावर तीच माणसं त्याच उन्हात उभी असतात.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये हे काम करताना जे समजत गेलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. देशातल्या दर दहा कामकऱ्यांपैकी जवळपास नऊ असंघटित आहेत, हे आपण प्रत्येक भाषणात ऐकतो. पण आपल्या शहरात, आपल्या प्रभागात ते किती आहेत, कुठे बसतात, त्यांना नेमकं काय हवं, हे कोणी लेखी दिलेलं नसतं. त्यामुळे महापालिका खर्चाचं गणित मांडते तेव्हा ही माणसं त्यात धरलेलीच नसतात. म्हणून आधी मोजणी, मग नोंदणी, मग समितीतली जागा आणि अंदाजपत्रकातली तरतूद, हा क्रम मी आग्रहाने सांगते. मोर्चाही लागतोच, पण हातात कागद असताना काढलेल्या मोर्चाची दखल वेगळी घेतली जाते.

१. आधी हद्द ओळखा, मग खातं

सगळ्यात जास्त वेळ चुकीच्या दारात वाया जातो. खारघर, कामोठे, कळंबोली यांना सगळे नवी मुंबईच म्हणतात, पण २०१६ पासून हा भाग पनवेल महापालिकेत आहे, जिल्हा रायगड आहे आणि जिल्हाधिकारी अलिबागला बसतात. तिथल्या पथविक्रेत्यांचं निवेदन बेलापूरच्या मुख्यालयात देऊन काही होणार नाही. दिघा ते बेलापूर हा पट्टा नवी मुंबई महापालिकेचा आणि जिल्हा ठाणे. त्यातही औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा, बरेच भूखंड सिडकोचे, स्टेशनची जागा वेगळ्याच अखत्यारीत. जागा कोणाची हे ठरल्याशिवाय शेड, नळ किंवा शौचालयाची मागणी लिहूच नका. 'ही जागा आमच्याकडे नाही' एवढ्या एका ओळीत तुमचा अर्ज निकाली निघतो.

ठाणे महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्या आहेत : नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे, लोकमान्य-सावरकर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. नवी मुंबईत आठ विभाग कार्यालयं आहेत : बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा. तुमची वस्ती यातल्या कशात येते ते पाहा आणि तिथल्या सहायक आयुक्तांना आधी भेटा. मुख्यालयात थेट गेलात तरी कागद फिरून त्यांच्याकडेच येतो.

आता खातं. कामगार कोणता, त्यावर कायदा आणि कार्यालय ठरतं.

- घरकाम करणाऱ्या : महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८. नोंदणी जिल्ह्याच्या मंडळाकडे, म्हणजे प्रत्यक्षात कामगार उपायुक्त कार्यालयातून.
- बांधकाम मजूर : महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ.
- पथविक्रेते : २०१४ चा पथविक्रेता कायदा. इथे महापालिकाच सर्व काही.
- हमाल, माथाडी : १९६९ चा माथाडी कायदा आणि त्या-त्या बाजाराचं माथाडी मंडळ.
- कचरावेचक : महापालिकेचा घनकचरा व्यवस्थापन विभाग.
- डिलिव्हरी आणि टॅक्सीचालक : सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०. तूर्त ई-श्रमवरची, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवरची, नोंद एवढाच हाती येणारा पुरावा.

यातल्या माथाडी कायद्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण नव्या कार्यकर्त्याने तो समजून घ्यायलाच हवा. अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली आणि त्या लढ्यातून हा कायदा आला. मालकाने मजुरी आणि त्यावरची लेव्ही (मजुरीवरची जादा रक्कम) मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, आणि मंडळावर सरकार, मालक व कामगार तिघांचे प्रतिनिधी. रोज मालक बदलणाऱ्या माणसालाही भविष्य निर्वाह निधी मिळू शकतो, हे या रचनेने दाखवून दिलं. तुर्भ्याच्या बाजार समितीत एकदा पहाटे जाऊन या आणि जुन्या माथाडी कामगारांशी बोला. 'असंघटितांना सुरक्षा देणं व्यवहारात शक्यच नाही' असं पुढे कोणी सांगेल, तेव्हा उत्तर तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

२. मोजणी स्वतः करा

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. पण एका नाक्याची चार आठवड्यांची नीट केलेली मोजणी तुमच्या हातात असेल, तर अधिकाऱ्याशी होणारं बोलणंच बदलतं. तो 'असे किती लोक आहेत हो?' असं विचारतो, आणि तुम्ही तक्ता पुढे ठेवता.

वेळ साधणं महत्त्वाचं. नाका सकाळी सात ते साडेनऊ भरतो, दहानंतर उरतात ते काम न मिळालेले. दोन्ही मोजा : किती आले आणि किती रिकाम्या हाताने परत गेले. दुसरा आकडा धोरणाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण बेकारीच्या कुठल्याही सरकारी आकड्यात तो दिसत नाही. घरकाम करणाऱ्या ताया दुपारी एक ते चारच्या मध्येच निवांत सापडतात, तेही वस्तीत किंवा सोसायटीच्या मागच्या फाटकाजवळ. पथविक्रेत्यांशी संध्याकाळी बोलायला जाऊ नका, त्यांचा धंद्याचा वेळ मोडतो.

प्रश्न मोजकेच ठेवा. काम कोणतं, किती वर्षं, महिन्यात साधारण किती दिवस मिळतं, मजुरी किती आणि कशी मिळते, कामाच्या जागी किंवा नाक्यावर पाणी आणि शौचालय आहे का, कोणत्या मंडळात नोंद आहे का. एवढं पुरे. बायकांना लघवीला कुठे जाता हा प्रश्न बाईनेच विचारावा. दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या बायका मला जवळजवळ प्रत्येक नाक्यावर भेटल्या आहेत, आणि हे त्या पुरुष कार्यकर्त्याला कधीच सांगत नाहीत.

आणि एक सक्त सूचना. मोजणीच्या वेळी आधारच्या झेरॉक्स गोळा करू नका, आधार क्रमांकाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. मोजणीला नाव आणि मोबाइल पुरतो, तोही त्यांची तयारी असेल तर. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद भलत्याच्या हातात गेले की त्या नाक्यावर पुन्हा कोणी तुमच्याशी बोलणार नाही.

मोजणीचा उपयोग किती होतो याचं जवळचं उदाहरण पुण्यात आहे. तिथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचकांच्या कामामुळे महापालिकेचा कचरा वाहण्याचा खर्च किती वाचतो, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवलं. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उपकार मागायला गेलेली माणसं म्हणून नव्हे, शहराची सेवा करणारी म्हणून त्या बायका महापालिकेसमोर उभ्या राहिल्या. तुर्भे किंवा दिघ्यात काम करणाऱ्यांनी हा हिशेब आपल्या भागापुरता मांडून पाहावा.

३. नोंदणी : कागदपत्रं आणि सापळे

मोजणीसोबतच नोंदणी सुरू करा. नोंदणीकृत कामगारांचा आकडा वाढला की मंडळासमोर आणि महापालिकेसमोर तुमचं वजन वाढतं. साधारणपणे हे कागद लागतात :

- आधार कार्ड आणि त्याला जोडलेला, स्वतःजवळ असलेला मोबाइल
- स्वतःच्या नावाचं बँक पासबुक
- वयाचा पुरावा
- रहिवासाचा पुरावा, बहुधा रेशनकार्ड किंवा वीजबिल
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- कामाचा दाखला : बांधकाम मजुरांसाठी मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचा, घरकामासाठी मालकाचा

ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं. वय १६ ते ५९ आणि भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआयचा सदस्य नसलेल्या कोणालाही तिथे नोंद करता येते. बारा अंकी क्रमांक मिळतो. नोंदणी मोफत आहे. मोबाइल आधारशी जोडलेला असेल तर स्वतःच करता येते, नाहीतर सेतू किंवा सामाईक सेवा केंद्रात. लोक विचारतात, 'याने काय मिळतं?' खरं उत्तर द्या : हातात लगेच काही पडत नाही. पण असंघटित कामगारांसाठी पुढे जी योजना येईल तिची यादी इथूनच निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त. व्यवसाय निवडताना मात्र घाई नको. केंद्रातला मुलगा बऱ्याचदा दिसेल तो पहिला पर्याय टाकून मोकळा होतो, आणि घरकाम करणारी बाई शेतमजूर म्हणून नोंदली जाते. मग शहराच्या आकडेवारीत घरेलू कामगार कमी दिसतात.

आता सापळे. पहिला नावाचा. आधारवर 'सुनिता', पासबुकात 'सुनीता', रेशनकार्डावर माहेरचं नाव. अर्ज परत येतो तो यामुळेच. नोंदणीच्या शिबिराआधी आठ दिवस फक्त नावं जुळवण्याचं शिबिर घ्या. दुसरा सापळा मोबाइलचा : आधारला जोडलेला नंबर गावाला असलेल्या दिराचा किंवा बंद पडलेला असतो, आणि ओटीपी तिकडे जातो.

तिसरा सापळा ९० दिवसांच्या दाखल्याचा. नाक्यावरचा मजूर महिन्यात दहा ठेकेदारांकडे जातो, दाखला द्यायचा कोणी? ठेकेदार सहीला घाबरतात. मजुरांना एक छोटी वही ठेवायला सांगा : तारीख, जागा, ठेकेदाराचं नाव, मजुरी. त्या वहीवरून दोन-तीन ठेकेदारांकडून तुकड्यातुकड्याने दाखले घेता येतात. हीच वही पुढे मजुरी बुडाली तर पुरावा म्हणूनही चालते, ते खाली येईलच.

चौथा सापळा एजंटचा, आणि याबद्दल मला खरोखर चीड आहे. मंडळाकडून भांड्यांचा संच मिळवून देतो, मुलाची शिष्यवृत्ती काढून देतो म्हणत मजुरांकडून पैसे घेणारी माणसं प्रत्येक वस्तीत आहेत. ते पैसे घेऊन खोटे दाखलेही जोडतात, म्हणजे रिक्षावाला किंवा दुकानदार बांधकाम मजूर बनतो. बोगस नोंदी वाढल्या की कार्यालय तपासणी कडक करतं आणि खऱ्या मजुराचाच अर्ज अडकतो. तुमच्या गटाने एकही खोटा दाखला पुढे करायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या. आणि नूतनीकरणाच्या तारखा वहीत मांडा, कारण मुदत संपलेलं कार्ड हातात असूनही उपयोगाचं नसतं.

घरेलू कामगारांच्या बाबतीत मालकिणी दाखला द्यायला कचरतात. आपल्यामागे पीएफ वगैरे लागेल असं त्यांना वाटतं. घरेलू कामगार मंडळातल्या नोंदणीसाठी मालकिणीला वर्गणी भरावी लागत नाही, हे त्यांना समजावून सांगा. एकेकीच्या दारात जाण्यापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलून एकाच रविवारी सगळ्यांचे दाखले घेणं सोपं पडतं. नोंदणीचं वय १८ ते ६० आहे. साठीला आलेल्या मावश्यांचे अर्ज सगळ्यात आधी भरा.

४. गट बांधा, ठराव लिहा

एकट्या कार्यकर्त्याच्या सहीचं निवेदन म्हणजे त्याचं वैयक्तिक मत. कामगारांच्या सभेचा ठराव जोडला की ते त्यांचं म्हणणं होतं. महिन्यातून एकदा बैठक घ्या, इतिवृत्त लिहा, हजर असलेल्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. बोलणाऱ्यांमध्ये कामगारच पुढे हवेत. शिष्टमंडळात पाच जण गेले तर चार कामगार असावेत आणि साहेबांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापैकी कोणीतरी द्यावं.

पुढे युनियन नोंदवायची असेल तर सात सदस्यांना अर्ज करता येतो. उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० यातला कमी आकडा सदस्य म्हणून दाखवावा लागतो. जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या १९२६ च्या कायद्याचे नमुने कोणी देत असेल तर आधी कार्यालयात विचारून घ्या.

५. मागणी अशी लिहा की ती नाकारायला कारण सापडू नये

बहुतेक निवेदनं अशी असतात : 'नाका कामगारांना सर्व मूलभूत सुविधा तातडीने देण्यात याव्यात, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' या वाक्यावर अधिकारी काय करणार? फार तर 'नोंद घेतली' असा शेरा मारेल.

तेच असं लिहून पाहा : 'अमुक चौकातील नाक्यावर रोज सकाळी ७ ते १० या वेळेत सरासरी इतके कामगार उभे असतात, त्यांपैकी इतक्या महिला आहेत. चार आठवड्यांच्या मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे. सर्वांत जवळचे सार्वजनिक शौचालय इतक्या अंतरावर असून ते सकाळी ८ नंतर उघडते. ते ६ वाजता उघडण्याबाबत ठेकेदारास आदेश द्यावेत. नाक्याची जागा महापालिकेच्या रस्त्याच्या हद्दीत असून तेथे पत्र्याची शेड व पिण्याच्या पाण्याचा नळ यांसाठी प्रभाग स्तरावर तरतूद करावी.'

यातली पहिली मागणी बिनखर्ची आहे. ती मुद्दाम आधी ठेवायची. सहायक आयुक्त ती आपल्या अधिकारात त्याच आठवड्यात मान्य करू शकतात, आणि नाक्यावरच्या बायकांना पहिल्यांदा दिसतं की लिहिल्याने काहीतरी होतं. शेडला वेळ लागेल, पण तोवर गट टिकलेला असेल.

एका निवेदनात एकच विषय, एकच अधिकारी. प्रती इतरांना द्या, पण 'प्रति' म्हणून सात नावं लिहिली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल.

६. पोच घ्या आणि मागे लागा

आवक-जावक विभागात अर्ज देऊन स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात दिला, त्यांनी हसून घेतला, फोटोही काढला, तरी शिक्का नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा.

महिन्याभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा : अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, टिप्पणीची प्रत द्यावी. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. ३० दिवसांत माहिती मिळायला हवी, नाही मिळाली तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, आणि पुढे राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं.

माहिती अधिकाराचा आणखी एक चांगला उपयोग सांगते. घोडबंदर रस्त्यावर आणि पाम बीचच्या बाजूने जे टॉवर उभे राहतात, त्यांच्या बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जातो. परवानगी देताना तो वसूल होतो. मागच्या तीन वर्षांत महापालिकेने किती उपकर गोळा केला आणि मंडळाकडे किती भरला, हे ठाण्यात शहर विकास विभागाला आणि नवी मुंबईत नगररचना विभागाला विचारा. मग त्याच शहरातल्या किती मजुरांना मंडळाचा लाभ मिळाला, हे मंडळाला विचारा. दोन उत्तरं शेजारी ठेवा. मजुरांच्या नावाने जमा झालेला पैसा मजुरांपर्यंत किती पोचतो, हे आमदारांना किंवा पत्रकाराला समजावून सांगायला दुसरं काही लागत नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयात, म्हणजे ठाण्यात कोर्ट नाक्याला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. तिथे वैयक्तिक तक्रारच घेतात. 'सर्व पथविक्रेत्यांना न्याय द्या' हा अर्ज चालणार नाही, 'माझं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून प्रलंबित आहे' हा चालेल.

७. पथविक्रेत्यांसाठी समितीतली जागा

असंघटित कामगारांना निर्णयात थेट जागा देणारे कायदे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे आहेत, आणि २०१४ चा पथविक्रेता कायदा त्यांतला एक. नगर पथविक्रेता समितीचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतात. किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांतल्या एक तृतीयांश महिला, आणि किमान १० टक्के जागा संस्थांना. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं आहे, आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही.

कागदावर हे इतकं चांगलं असताना रस्त्यावर चित्र वेगळं दिसतं, कारण समितीच्या निवडणुकीच्या मतदार यादीतच नावं नसतात. गावाला गेलेली, आजारी पडलेली, सकाळीच धंदा आटपणारी माणसं सर्वेक्षणातून सुटतात. तुमच्या बाजारात सर्वेक्षण कधी आहे हे आधी कळवा, त्या दिवशी जागेवर बसायला सांगा, आणि सुटलेल्यांची वेगळी यादी समितीला लेखी द्या.

समितीत निवडून गेलेल्या मावशींना एकटं सोडू नका. बैठकीची विषयपत्रिका आधी मागून घ्या, घरी बसून एकेक विषय समजावून द्या, आणि बैठकीत काय बोलायचं ते त्यांच्याच शब्दांत ठरवा. इतिवृत्ताची प्रत मागायला सांगा. मावशी बोलल्या ते इतिवृत्तात आलं नसेल तर पुढच्याच बैठकीत दुरुस्ती मागायची.

लक्षात ठेवा, रेल्वेच्या मालकीच्या जागेला आणि गाड्यांना हा कायदा लागू नाही. स्टेशनच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांना आणि समोरच्या रस्त्यावर बसणाऱ्यांना एकच आश्वासन देऊ नका.

८. अंदाजपत्रकाची वेळ चुकवू नका

आयुक्त फेब्रुवारीच्या सुमारास अंदाजपत्रक मांडतात. तेव्हा निवेदन घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो. विभागांकडून पुढच्या वर्षाच्या मागण्या त्याआधी काही महिने गोळा होतात. दिवाळीच्या आगेमागे तुमचा कागद संबंधित विभागप्रमुखांकडे गेलेला हवा. मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक महापालिकेच्या वेबसाइटवर असतं. त्यातलं नेमकं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं सदर, शोधून 'या शीर्षाखाली एवढी वाढ करावी' असं लिहा. नवं शीर्ष उघडून घेण्यापेक्षा असलेल्या शीर्षात आपलं काम बसवणं पुष्कळ सोपं जातं : शौचालय दुरुस्ती, समाजविकास, कचरा वर्गीकरणाची शेड, बाजारातले दिवे. छोट्या कामांसाठी नगरसेवकांचा निधीही असतो.

९. हरकती आणि सूचना

किमान वेतनाचे दर किंवा संहितांखालचे नियम बदलायचे असतील तर सरकार आधी मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करतं आणि हरकती मागवतं. ही मुदत बहुतेक संघटनांना संपल्यावर कळते. कामगार विभागाची वेबसाइट दर आठवड्याला एकाने पाहायची, असं काम गटात वाटून द्या. हरकत लांबलचक नको. कोणता नियम, काय अडचण, त्याऐवजी काय हवं, आणि तुमच्या मोजणीतला आकडा. डिलिव्हरीच्या मुलांसाठी सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची तरतूद आहे. तो निधी कोणत्या लाभांसाठी वापरायचा हे नियम आणि योजनांमधून ठरतं, म्हणून तिथे त्यांचं म्हणणं पोचलं पाहिजे. अधिवेशनाआधी आमदारांना दोन पानी टिपण द्या. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे सभागृहात मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदा तयार करून दिलात तर त्यांचंही काम हलकं होतं.

१०. तातडीच्या वेळी

माल जप्त झाला तर : पथकाकडून जप्त मालाची सही केलेली यादी मागा, तो विक्रेत्याचा हक्क आहे. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. प्रमाणपत्र असलेल्याला त्याच्या जागेवरून हटवण्याआधी ३० दिवसांची नोटीस लागते. वाद घालण्यापेक्षा मोबाइलवर वेळ, जागा आणि गाडीचा क्रमांक टिपून ठेवणं जास्त कामाला येतं.

मजुरी बुडाली तर : ती छोटी वही, यूपीआयच्या नोंदी, मुकादमाशी झालेले मेसेज आणि साइटवरच्या महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) फलकाचा फोटो. त्या फलकावरून विकासक कोण ते कळतं. ठेकेदार पळाला तरी ज्याच्या आस्थापनेत काम झालं त्याच्यावर वेतन संहितेनुसार जबाबदारी येते. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. तरी उशीर करू नका, साइट संपली की साक्षीदार गावाला जातात.

कामाच्या जागी बाईचा लैंगिक छळ झाला तर : दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी आणि घरकामातही २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुदत तीन महिन्यांची. घरकाम करणाऱ्या बाईच्या प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत ते पोलिसांकडे पाठवायचं असतं. तक्रार लिहायला बसताना तिच्याजवळ तिच्या विश्वासाची बाई हवी, आणि पुढे जायचं की नाही हा निर्णय तिचाच.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. हा क्रमांक नाक्यावरच्या आणि वस्तीतल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये पहिल्याच बैठकीत साठवून द्या.